शेवटचं अक्षर

नथूशेठनं त्या सायकलवाल्याच्या कानफटात लगावली, तेव्हा मोरीत कपबश्या विसळत बसलेल्या सरूनं स्वतःचा गाल धरला. का धरला ते तिचं तिलाही कळलं नाही. मारामारी तिला नवी नव्हती. आग्रा रोडला लागून हॉटेल, ट्रकवाले, क्लीनर, बाजाराच्या दिवशी दोन्ही तालुक्यांची माणसं. कुणाचं ना कुणाचं नाक फुटायचंच, आणि ते पुसायचं फडकं सरूनं भांड्यांच्या फडक्यापासून वेगळं ठेवलेलं होतं. पण हा माणूस मार चुकवण्यासाठी हात वर करत नव्हता. फाटलेल्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं आणि तो नथूशेठकडं बघून लाडानं हसत होता. म्हणाला, "आत्या, पोळी दे ना."

सगळं हॉटेल हसलं. नथूशेठच्या मिशा तेलानं चपचपलेल्या, पोट बाकाला टेकलेलं. त्याला आत्या म्हणणारा आजवर कुणी भेटला नव्हता.

"आत्या म्हणतोय मला! बेवडा साला!" त्यानं दुसरी दिली. "शर्यतीच्या नावाखाली ढोसून येतात. दारूबंदी हाय का तमाशा?"

मुंबईहून नाशिकला सायकलींची शर्यत चालली होती. रंगीत टोप्या घातलेली पोरं सकाळपासून शहापूरच्या नाक्यावरून सूं करून पुढं गेली होती आणि हा एकटाच मागं राहिलेला. सायकल रस्त्यात टाकून आत आला तो थेट एका ड्रायव्हरच्या ताटात हात घालायला. ड्रायव्हरनं ढकललं. पोरगा पुन्हा आला. मार्गशीर्षातली थंडी, आणि याचा सदरा नदीतून काढल्यासारखा ओला. पोटऱ्या थाडथाड उडत होत्या. बोलणं असं, की जीभ दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणली आहे. नथूशेठची लाथ कमरेत बसली तसा तो बाकावर आपटला आणि खाली पडला. ड्रायव्हरनं त्याच्या छातीवर चप्पल ठेवून तोंडाचा वास घेतला. "येतोय वास! पिकलेल्या मोहाच्या फुलांवानी!"

"पाय काढ! अरे पाय काढ त्याच्यावरचा!" दारात फटफटी आडवी टाकून एक टकला म्हातारा धावत आत आला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि तो रडकुंडीला आला होता. "प्यालेला नाही तो! उपाशी आहे, उपाशी! साखर आणा कुणीतरी!"

साखरेचा डबा सरूच्या हाताशी होता. तिनं विचारलं नाही कुणाला. म्हातारा पाण्यात साखर कालवीत होता आणि पोराचं डोकं धरायला कुणी पुढं येईना म्हणून तिनंच ते मांडीवर घेतलं. घाम थंडगार होता, चिकट, मेलेल्या माशाच्या अंगासारखा. तोंडाला तोच वास, गोडसर, आंबूस. डोळे उघडे, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या पल्याड, छपराच्याही पल्याड काहीतरी बघत होते. सरूला हे डोकं ओळखीचं वाटलं. डोक्याचा भार ओळखीचा वाटला. आपण हे मांडीवर घेऊन पूर्वी बसलो आहोत, आणि त्या वेळी कुणीही साखर कालवली नव्हती, असं तिच्या मनात आलं.

पाणी हळूहळू आत गेलं. ड्रायव्हरची चेष्टा थांबली. मग पोराच्या डोळ्यांत कुणीतरी परत आलं. सरूनं ते बघितलं. बंद घराच्या खिडकीत माणूस दिसावा तसं. त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या, परक्या बाईच्या मांडीवरून ओशाळून डोकं उचललं आणि विचारलं, "उस्ताद, आसनगाव गेलं का?"

"गेलं, सगळं गेलं," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. मग त्याला बोलायला तोंड फुटलं. नथूशेठ, ड्रायव्हर, साऱ्यांकडं वळून तो तावातावानं सांगायला लागला. "माणसाच्या पायात साखर साठवलेली असते, काळजात म्हणजे यकृतात असते. खाल्लेल्या भाताची, भाकरीची होते ती. पहाटेपासून हाणतोय हा. पायातली पायांनी जाळली. मग काळजातली उतरली. तीही संपली की डोकं रिकामं. डोक्याला दुसरं काही चालत नाही हो, त्याला साखरच लागते. मग तो हसेल, रडेल, आईला ओळखणार नाही. त्याला चढलेली नव्हती, त्याची उतरली होती!"

"आन आता?" ड्रायव्हरनं विचारलं. चप्पल त्यानं बाकाखाली सरकवली होती.

"आता बघा कसा खातो. आधी डोक्याला पोचलं, आता पाय ओढून घेतील. राबून निघालेले पाय म्हणजे तापलेली रेती, ओताल तेवढं पिते. याच घटकेला पोटभर घातलं तर उद्या उभा राहील. उपाशी निजवलात तर चार दिवस लाकूड होऊन पडेल."

पोरगा खरोखरच खात होता. केळी, पाव, त्यावर साखरेचा चहा, पुन्हा पाव. मान वर न करता, कुणी हिसकावून घेईल अशा धास्तीनं. नथूशेठ स्वतः पाव आणून ठेवत होता आणि म्हणत होता, "खा बाबा खा, आत्याच्या घरचं समज." पुन्हा हशा झाला. सरू मात्र उठली होती. त्या सकाळीच जाणू बाजाराला आला होता, तिच्या बापाच्या वाडीतला जाणू, जिथं तिची लेक भिमी राहत होती, आणि मोरीपाशी उभा राहून सांगून गेला होता: "सरू गो, भिमीला लागलंय. काल दिसभर गवताचे भारे वाहत व्हती, सांजच्याला गंजीपाशी पडली. हसते काय, रडते काय. तुझ्या बानं बांधून ठेवलीय. आज दिवेलागणीला झाडायला बसवणार. येऊ नको म्हनलाय, उगा रडारड नको."

आणि सरूनं काय केलं होतं? मान डोलावली होती. लेकीच्या नावानं देवाला एक नारळ जाणूच्या हातात दिला होता आणि पुन्हा कपबश्या विसळायला बसली होती. कारण तिचा बा यमाजी हा वैशाखऱ्यापासून मुरबाडपर्यंत सगळ्यांत मोठा भगत. कुणाला बाहेरचं लागलं की माणसं खाटेवर घालून त्याच्या दारात आणत. त्याच्या हाताखाली पोर असताना काळजी कसली?

तिनं गुळाच्या ढेपेवरून सांडशीनं एक मोठा खडा फोडला, पदराच्या गाठीत बांधला आणि ओल्या हातांनीच एस. टी. धरायला धावली. "सरू, भांडी कोन घासनार, तुझी आत्या?" नथूशेठ मागून ओरडला. ती केव्हाच रस्त्यापलीकडं गेली होती.

किन्हवलीच्या वाटेनं एस. टी. हाडं खिळखिळी करीत चालली होती आणि सरूच्या डोळ्यांपुढं गोदी होती. गोदी, तिची थोरली बहीण. उंच, हाडापेरानं मजबूत, डोंगरावरून गवताचा भारा आणताना दुरून नुसता भाराच चालत येतोय असं वाटायचं. त्या साली गवत कापायचा हंगाम उशिरा लागला आणि ठेकेदाराला घाई होती. पहाटे अंधारात कोरा चहा पिऊन गोदी डोंगर चढायची. दिवसभर वर आणि खाली, वर आणि खाली, आणि दुपारची भाकरी त्या दिवशी कुत्र्यानं पळवली होती. हसून सांगत होती ती, कुत्र्याचा पण हंगाम आहे म्हणून. तिन्हीसांजेला गंजीपाशी भारा टाकला आणि तिथंच बसली. हसायला लागली. लहानग्या सरूलाही हसू आलं, कारण गोदी तिला सासूच्या नावानं हाक मारत होती. मग ती रडली. मग तिनं कोयता उचलून आपल्याच सावलीवर हाणला. बायका किंचाळल्या, आणि कुणीतरी म्हणालं: लागलं. गोदीला लागलं.

लागलेल्या माणसाला घास द्यायचा नाही, हा पहिला नेम. दिलेला घास त्याच्या पोटात जातच नाही, आत बसलेलं लागीर खातं आणि माजतं. त्याला उपाशी मारायचं म्हणजे ते अंग सोडतं. यमाजीनं आपल्या पोरीला घराच्या मधल्या मेढीला बांधलं. मिरच्यांची धुरी दिली. निरगुडीचे फोक भिजवून ठेवले. सकाळ झाली तसा अंगणात माणसांचा गराडा पडला आणि यमाजीनं भाताची परीक्षा घेतली. हे सरूनं कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, स्वतःलाही नाही. बानं वाडग्यात गरम भात आणला आणि गोदीच्या नाकापुढं धरला. वाफ तिच्या तोंडावर गेली. गोदीनं दोरीला असा हिसका दिला की मेढ थरारली. मान लांब केली, जीभ बाहेर काढली. यमाजीनं वाडगा मागं घेतला. "बघा! बघा कसं उसळतंय! माझी पोर अशी हावरी हाय का?" माणसं माघारी सरली, कुणी हात जोडले. वाडगा पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं गेला. मग फोक. "बोल! कोन हायस तू? नाव सांग!" पाठीवर एक, पोटरीवर एक. लागिरानं नाव सांगितल्याशिवाय त्याला घालवता येत नाही, हा दुसरा नेम. "नाव सांग!" आणि गोदीनं सुजल्या ओठांनी, लाकूड झालेल्या जिभेनं नाव सांगितलं. "भू…" एवढंच आलं, पुढचं अक्षर रक्तात बुडालं. "भूत!" कुणीतरी ओरडलं. "आपल्या तोंडानं बोललं! भूत हाय म्हनलं!" सगळं घर ओरडलं.

एस. टी.त सरूनं तोंडावर पदर दाबला. समोरच्या बाईनं विचारलं, "वकारी येते काय गो? खिडकीशी बस." सरूनं मान हलवली. तिला अक्षरं येत होती, थोडीथोडी. नथूशेठच्या दारावरच्या पाटीवरून ती शिकली होती. कपातला क, ताटातला त. भूत. भूक. घर तेच, पुढलं दारही तेच, फक्त परसदार वेगळं, शेवटचं अक्षर. आणि दोन्ही लागतात. भूक लागते, भूत लागतं. लागण्यासाठी आपल्या माणसांनी दुसरा शब्दच ठेवलेला नाही. गोदी नाव सांगत होती. विचारलं ते तिनं खरं सांगितलं: कोण आहेस तू? भूक. आणि एका अक्षरावरून माझ्या बहिणीचा जीव गेला. दुपारी लागीर गेलं असं यमाजीनं सांगितलं. खरंच होतं. त्याच्याबरोबर गोदीही गेली, आणि मान मोडून मेढीला लटकलेलं तिचं डोकं सोडवून सरूच्या मांडीवर ठेवलं गेलं, कारण दुसरी कुठलीही बाई शिवायला तयार नव्हती. तेव्हापासून यमाजीचं नाव झालं. पोटची पोर गेली पण लागिरापुढं हटला नाही, असा भगत. सरूलाही बापाचा अभिमान होता. हे आठवलं तशी तिला ओकारी आली आणि ती खरोखरच खिडकीशी जाऊन बसली. पोटात मात्र काही नव्हतं. सकाळच्या अर्ध्या कप चहाखेरीज काहीच नव्हतं.

सरळगावला उतरेपर्यंत तिनं बापाला अनेक परींनी मारलं. कोयत्यानं मारलं, पाट्यानं मारलं, विहिरीत लोटून वरून धोंडे टाकले. मारताना बारीकसारीक गोष्टी तिला स्पष्ट दिसत होत्या. त्याच्या कानातली बाळी, छातीवरचे पांढरे केस, पडताना वर झालेला पायाचा अंगठा. पुढं वैशाखऱ्याकडं जाणारा गवताचा एक ट्रक मिळाला. गाठींवर बसून ती बापाला मारत राहिली. मध्येच तिला वाटायचं, चूक कानांची झाली, माणसाची नाही. त्या गोंगाटात कुणाला नीट ऐकू आलं असेल? बाला 'भूक' ऐकू आलं असतं तर त्यानं फोक टाकला नसता का? ती लहान असताना ताप आला तर हाच माणूस तांदळाची पेज चमच्यानं भरवत होता. फुंकर मारून, आधी आपल्या ओठाला लावून. एका अक्षराची चूक. तेवढीच. ती हे अक्षर घट्ट धरून बसली, ट्रकवरच्या दोरासारखं. सुटलं तर खाली पडू, असं तिला वाटत होतं.

ट्रक अर्ध्या वाटेत तापून उभा राहिला. उन्हं कलली होती. सरू चालायला लागली, मग चालणं पुरेना म्हणून धावायला. भातखाचरांतले बुडखे पायांत घुसत होते. किती तरी वर्षांत ती अशी धावली नव्हती. पहिल्यांदा अंग तापलं, बरं वाटलं. मग हळूहळू पाय कुणी दुसऱ्याचे झाले. मांड्यांच्या आत काहीतरी तळाशी लागलेलं, घासल्यासारखं वाटायला लागलं. कपाळावर घाम आला, तो गार होता. समोरचा डोंगर एकदा अगदी जवळ आला आणि एकदा फार लांब गेला. पदराची गाठ मांडीवर आपटत होती आणि प्रत्येक ठेक्याला तिच्या तोंडात पाणी येत होतं. गूळ. एक कोपरा. नखाएवढा. कुणाला कळणार आहे? तिला एकाएकी भिमीचाच राग आला, इतका, की ती पुढं असती तर सरूनं तिच्या थोबाडीत दिली असती: एवढे भारे वाहायला कुणी सांगितलं होतं, मेले? मग तिला हसू आलं, आणि ते थांबेना. रस्त्यानं येणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं "ए बाय, पिलीस काय?" असं विचारलं, तेव्हा ती दचकून थांबली. हे असं असतं, तिला कळलं. गोदी, हे असं असतं होय. आत दिवा बारीक होत जातो आणि घरातल्या वस्तूंनाच एकमेकींची भीती वाटायला लागते. तिनं गाठ मुठीत धरली, करकचून आवळली, आणि गाठीवरचा हात दुसऱ्या हातानं धरून ती पुढं निघाली. आपल्याच हाताला पकडून चौकीवर न्यावं तशी.

वाडीच्या तोंडाशीच मिरच्यांची धुरी नाकात शिरली. दारात माणसं दाटली होती. जाणू आडवा आला. "सरू, नको गो जाऊ. अजून बोललं नाय ते." सरूनं त्याच्या छातीत डोकं घातलं आणि आत घुसली. मेढीला भिमी होती. पाठीवरची चोळी फोकांनी फाटलेली, केस तोंडावर चिकटलेले. समोर यमाजी, म्हातारा झालेला, हातात तोच भिजवलेला फोक. दुसऱ्या हातात वाडगा. वाडग्यातून वाफ येत होती. त्यानं तो भिमीच्या नाकापुढं धरला, भिमीची मान ताणली गेली, ओठ वाडग्याच्या काठाला लागले. आणि यमाजीनं वाडगा मागं घेतला. "बघा," तो माणसांकडं वळून म्हणाला, "बघा कसं…"

पुढचं त्याला बोलता आलं नाही. फोक सरूच्या हातात कसा आला ते तिला आठवत नाही. पहिला त्याच्या तोंडावर बसला, भिवई फाटली, आणि तो आवाज तिला गोड लागला. दुसरा खांद्यावर. तिसरा त्यानं वर केलेल्या हातावर. "नाव सांग!" ती ओरडत होती. "तुझं नाव सांग! कोन हायस तू?" म्हातारा चुलीपाशी कोसळला, वाडगा वाचवीत, आणि सरू मारतच होती; मनगटात, दातांत, पोटात एक काळा आनंद उसळत होता, वर्षानुवर्षं दडपलेला. तिला कुणीही अडवलं नाही. पन्नास माणसांत एकही हात पुढं आला नाही. उलट म्हातारी सकुबाई दाराशी आडवी पडली आणि कापऱ्या आवाजात ओरडली, "आलं! सरूच्या अंगात आलं! देवीच आली गो माय!" मागोमाग सगळ्यांनी हात जोडले. फोक मोडला तेव्हा सरूला ऐकू आलं की लोक तिच्या नावानं चांगभलं म्हणत आहेत.

तिनं मोडका फोक चुलीत टाकला. गाठ दातांनी सोडली. चुलीवर पेजेचं पाणी होतं, त्यात गूळ चुरला. बोटांना गूळ चिकटला होता; ती बोटं आपल्या तोंडाकडं निघालेली तिनं बघितली आणि भिमीच्या गालाच्या आतल्या बाजूला पुसली. मेढीची दोरी कापली, पोरीला मांडीवर आडवी घेतली आणि थेंब थेंब सोडत बसली. काही झालं नाही. पहिला घोट ओठांतून गळून गेला. दुसराही. माणसं श्वास धरून उभी. मिरचीच्या धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसरा घोट गळ्यातून खाली उतरताना सरूनं अंगठ्यानं चाचपला. आता तो पोटात. आता रक्तात. जा बाबा, लवकर जा, वाटेत कुठं बसू नको, असं ती त्या गुळाला म्हणत होती. हा गूळ आहे की देवाचं नाव, असं कुणी त्या वेळी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. उस्ताद खोटा असेल तर? तो सायकलवाला वेगळा, पोरीचं वेगळं असेल तर? कोपऱ्यात यमाजी रक्त न पुसता बसला होता, आणि तोही भिमीच्या गळ्याकडंच बघत होता.

मग भिमीच्या कपाळाला आठी पडली. तिनं डोळे न उघडताच तक्रार केली, "आये, गुडघा टोचतोय तुझा."

सरू हसली की रडली ते कळलं नाही, माणसांनी पुन्हा चांगभलं केलं. भिमी उठून बसली, वाडगा दिसताच त्यावर तिनं झडप घातली. दोन्ही हातांनी खात होती. सरूनं "सावकाश गो, ठसका लागंल" म्हणून मनगट धरलं, तर तिनं तो हात झटकून टाकला, वळूनही न बघता. भात खाली सांडला तो जमिनीवरून उचलला. कुणीतरी आणखी भात आणला, कुणी गुळाचा खडा, कुणी रताळं. वाडीतली माणसं आता देवीला नैवेद्य दाखवावा तशी भिमीला घालत होती, आणि भिमी तो रिचवत होती. तिच्या पोटऱ्या अजून उडत होत्या, हळूहळू निवत होत्या. आता पाय पितायत, सरूच्या मनात आलं. पिऊ देत.

ती बापाकडं वळली. आता ते अक्षर द्यायची वेळ झाली होती. तिला मारायचं होतं ते मारून झालं होतं. आता सांगायचं होतं, की बा, तुझे कान चुकले, दुसरं काही नाही. ती शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "लागीर नव्हतं, बा. भूक व्हती. गोदीला पन. गोदी 'भूक' म्हनत व्हती, तुला 'भूत' ऐकू आलं."

यमाजीनं भिवईवरचं रक्त तळहातानं पुसलं.

"नाय," तो म्हणाला. "मना 'भूक'च ऐकू आलं."

सरूला कळलंच नाही.

"लोक 'भूत' म्हनले. मी नाय. मी तिच्या तोंडाशी व्हतो, मी नीट ऐकलं. भूक, बा, भूक, असं दोनदा म्हनली." त्याचा आवाज सरळ होता, वाट सांगणाऱ्या माणसासारखा. "माझ्या गुरूनं शिकवलं व्हतं. लागीर शेवटाला पोटच्या पोरीच्या आवाजात घास मागतं. तवा जो बाप हटला तो भगत नाय. म्हनून नाय हटलो."

सरूच्या हातातलं ते अक्षर सुटलं, ट्रकवरचा दोर सुटावा तसं. आत कुठंतरी ती पडत राहिली, तळ येईना. एका चुलीच्या दोन झाल्या. दोन्ही चुलींपाशी दोन म्हातारे बसले होते, आणि दोघांनाही ठार मारायचं तर हात हलायला हवा होता, पण हात थाडथाड उडत होता, तिचा राहिला नव्हता. अंगाला गार घाम सुटला. तिला वाटलं, आपण हसतोय. कुठून तरी सकुबाईचा आवाज आला, "परत आलं! सरा मागं, मागं सरा, देवी परत आली!" आणि पावलं भराभरा दाराकडं सरकली. भिमीनं तेवढं खाणं थांबवून "आये?" असं विचारलं.

यमाजीनं हात जोडले नाहीत. तो गुडघ्यांवर पुढं आला. त्यानं सरूच्या कपाळाला हात लावला, तिचा घाम बोटांवर घेऊन बघितला, तिच्या तोंडाशी वाकून वास घेतला. सगळा जन्म त्यानं हा वास ओळखला होता आणि त्याला दुसरंच नाव दिलं होतं. मग त्यानं भिमीच्या वाडग्यात हात घातला, भाताचा गोळा केला, आधी आपल्या ओठाला लावून बघितला आणि सरूच्या तोंडाशी आणला.

"कवा जेवलीस?"

सरूनं दात आवळले. हाच हात. याच हातानं वाडगा मागं घेतला होता, पुढं आणला होता, मागं घेतला होता. या हातातलं घेण्यापेक्षा इथंच मरावं, असं ती स्वतःशी अगदी स्पष्ट म्हणाली. पण भाताची वाफ नाकात गेली, आणि तिच्या मनाला न विचारता तोंडात पाणी आलं; मान पुढं ताणली गेली. हात मागं गेला नाही. तिनं त्या हाताकडं बघितलं, तो मागं जाण्याची वाट बघत. तो तिथंच राहिला, म्हातारा, रक्त लागलेला.

तिचं तोंड उघडलं. भात आत गेला आणि त्यामागून दोन बोटं. आणि सरूच्या दातांनी दोन्ही धरलं. ती चावली. सगळ्या ताकदीनं चावली, कातडं फाटेपर्यंत, हाड दातांना लागेपर्यंत. जिभेवर गोड आणि खारट एक झालं. यमाजीच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला, डोळे पांढरे झाले, पण हात त्यानं ओढला नाही. दुसऱ्या हातानं तो तिची पाठ थोपटत होता, लहान पोराला ठसका लागला की थोपटतात तशी.

"चाव," तो म्हणत होता. "चाव गो, चाव. पन गीळ."